बीएस्सी करून शिक्षक व्हायचं होतं, असं जमवलं

मी मिरजेचा, केमिस्ट्रीत बीएस्सी, नंतर एमआयडीसीत लॅबला होतो. शिक्षक व्हायचं म्हटलं की सगळे म्हणायचे, बारावीनंतर डीएड का नाही केलंस, आता उशीर झाला. तसं काही नसतं ओ. साधी पदवी असली तरी चालतं, ओपनला ५० टक्के लागतात, मग बीएडची सीईटी द्यायची आणि दोन वर्षांचं बीएड करायचं. फक्त एक लक्षात ठेवा, २०२३ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की पहिली ते पाचवीला बीएड चालत नाही, तिथं डीएलएडच (म्हणजे जुन्या डीएडचं आताचं नाव) पाहिजे, त्यामुळे मी सहावीच्या वरचंच धरलं.

बीएडमध्ये खरी कसोटी सरावपाठांची. पाठ टाचण लिहून लिहून बोटं दुखतात (त्यातलं निम्मं कोण वाचतं देव जाणे). आम्ल-आम्लारीच्या पाठाला लिटमस मिळेना म्हणून घरची हळद पाण्यात कालवून फिल्टर पेपरला लावली, वाळवून नेली, वर्गात त्यावर साबणाचं पाणी टाकलं आणि पिवळ्याचं लालभडक झालं तसं मागच्या बाकावरची पोरं उठून पुढंच आली, सांगलीची हळद कामाला आली.

मग टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, तिचा सहावी ते आठवीसाठीचा पेपर दोन, ओपनला १५० पैकी ९० लागतात, त्यात गणित-विज्ञानच ६० मार्कांचं म्हणजे आपल्याला सोपं, मी जास्त वेळ बालमानसशास्त्राला दिला. निगेटिव्ह मार्किंग नाही, एकही प्रश्न सोडू नका. सध्या एका खासगी शाळेत आठवीला विज्ञान शिकवतोय, पगार लॅबपेक्षा कमीच आहे, टेटचा (टीईटी वेगळी, ही शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी) अभ्यास चालूय, कारण शिक्षक भरतीच्या सरकारी पवित्र पोर्टलवर टेटचेच मार्क बघतात.