पहिला गनप्ला बांधताय? मग या चुका टाळा

गनप्ला म्हणजे 'गंडम' या जपानी अॅनिमे मालिकेतल्या महाकाय यंत्रमानवांचे, सुटे भाग जोडून बांधायचे प्लॅस्टिकचे किट. नवा किट घेतलेल्यांपैकी निम्मे जण मला एकच फोटो पाठवतात. मॉडेल उभं केलेलं असतं, पण मांडीवर, खांद्यावर पांढुरके चट्टे. 'प्लॅस्टिकच खराब आलं का?' असं विचारतात. प्लॅस्टिक चांगलंच असतं. घाई नडलेली असते.

१९८० साली पहिला गंडम किट आला तो १/१४४ मापाचा, ३०० येनचा. आजही बहुतेकांची सुरुवात त्याच मापाने होते. गोष्टीतला गंडम १८ मीटर उंच, म्हणजे तुमच्या हातातला जेमतेम साडेबारा सेंटिमीटर. या मापात अर्ध्या मिलिमीटरचा राहिलेला गेट (सुटा भाग प्लॅस्टिकच्या चौकटीला, म्हणजे रनरला, धरून ठेवणारा दांडा) म्हणजे खऱ्या यंत्रावरचा सात सेंटिमीटरचा कोंभ. म्हणूनच तो लगेच डोळ्यांत भरतो.

सुटा भाग रनरवरून एकाच घावात, अगदी चिकटून तोडू नका. निपर, म्हणजे भाग कापायची छोटी पक्कड, दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिक दाबतो, त्या ताणाने ते पांढरं पडतं. गडद निळ्या, काळ्या भागांवर तर फारच. मी पहिला काप लांबून देतो, दोन-तीन मिलिमीटर गेट ठेवून. भाग मोकळा झाला की दुसरा काप जवळून, तरीही केसभर अंतर राखून. उरलेलं ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने, मग ६००, ८००, १०००. हलका पांढरा डाग उरलाच तर नखाने घासा, बराचसा दबतो. नेलकटरने भागवू नका. निपरवर थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील, पण किट त्यातल्या त्यात साधा घ्या.

सगळे भाग आधीच तोडून वाटीत भरू नका. रनरवरचं अक्षर आणि नंबर हाच प्रत्येक भागाचा पत्ता असतो.

आता थिनरबद्दल, कारण यात मी माणसं रडवेली झालेली पाहिली आहेत. माझ्या मावसभावाने पहिला आरएक्स-७८-२ (मूळ मालिकेतला गंडम) तीन रात्री जागून बांधला. छान बांधला होता. मग पॅनेल लाइन, म्हणजे अंगावरच्या बारीक खाचांच्या रेषा, उठाव्यात म्हणून, पूर्ण जोडलेल्या मॉडेलवरच, पातळ एनॅमल रंग खाचांतून सोडला आणि जास्तीचा थिनरने पुसला. रात्री मॉडेल देखणं दिसत होतं. सकाळी उचललं तर कमरेचा सांधा उभा चिरलेला आणि उजवा पाय टेबलावरच राहिला. हे किट गोंदाविना, खुंटी भोकात दाबून बसतात, त्यामुळे जोडाच्या आत प्लॅस्टिक कायम ताणलेलं असतं. थिनर फटीतून आत झिरपतो आणि ताणलेल्या जागीच तडा पाडतो. सांध्यांमध्ये एबीएस प्लॅस्टिक असेल तर आणखी लवकर. तो तीन दिवस किटकडे फिरकला नाही. मीही तेव्हा त्याला काही बोललो नाही.

म्हणून माझ्याकडे पॅनेल लाइन भाग सुटे असतानाच होतात, थिनर इअरबडच्या टोकाला ओल लागेल इतकाच, आणि भाग रात्रभर सुकल्याशिवाय जोडत नाही. पहिल्याच किटला एनॅमल हवंच कशाला? बारीक टोकाचा मार्कर पुरतो.

स्टिकर बोटाने नाही, चिमट्याने लावा.

कपाळावरच्या अँटेनाच्या टोकांना चपटे तुकडे असतात, ते लहान मुलांना टोचू नये म्हणून. टोकदार अँटेना हवी तर कापा, पण घरात लहान मूल असेल तर राहू द्या.

मॅट टॉपकोट (चमक घालवणारा शेवटचा पारदर्शक स्प्रे) दमट हवेत मारला की त्यावर पांढुरकी साय येते. पुण्यात जून ते सप्टेंबर मी त्या डब्याला हात लावत नाही, मुंबई-कोकणात तर विचारच करू नका. कोरडी दुपार, उघडी गच्ची, तोंडाला मास्क. डोळ्यांचे आणि इतर पारदर्शक भाग आधी काढून ठेवा, नाहीतर ते धुरकट होतात.

आणि इतक्या मेहनतीनंतर मॉडेल खिडकीत ठेवू नका. उन्हाने पांढरं प्लॅस्टिक पिवळं पडतं. काचेचं कपाट असेल तर उत्तम, नसेल तर आठवड्यातून एकदा मेकअपच्या मऊ ब्रशने धूळ झटका. उडी मारतानाची पोझ हवी असेल तर स्टँडवरच द्या. एका पायावर तोलून पंख्याखाली ठेवलेला गंडम पडतो, आणि पडला की पहिली जाते ती अँटेना.