लिहिताय ना? मग एक वही स्वतः शिवून बघा

लिहिणाऱ्याला एक तरी छंद असा हवा की ज्यात शब्दच नाहीत, हे माझं ठाम मत आहे. वाचन, डायरी हे पुन्हा शब्दांचंच काम झालं. क्रोशे करा, मातीकाम करा, काहीही, पण सुचत नसेल तर सरळ वही शिवा, एका बैठकीत होते.

हे काही नवीन नाही. अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सन आपल्या कविता घडीच्या कागदांवर नीट उतरवून काढायची आणि ते कागद एकावर एक ठेवून कडेला दोऱ्याने शिवायची, अशा ४० वह्या, त्यात ८००च्या आसपास कविता. इंग्रज लेखिका व्हर्जिनिया वुल्फने नवऱ्यासोबत १९१७ मध्ये हाताने चालवायचा छोटा छपाईचा प्रेस घेतला, अक्षरांचे खिळे स्वतः जुळवायची. आणि रवींद्रनाथांची चित्रकला तर हस्तलिखितातल्या खाडाखोडीतून सुरू झाली, खोडलेल्या ओळी जोडत जोडत आकार व्हायचे, साठी उलटल्यावर ते खरे चित्रकार झाले.

तर वही. ए-फोरचे ८ कागद घ्या, एकेक करून मधोमध घडी घाला, नखाने किंवा चमच्याच्या पाठीने घडी दाबा, मग एकात एक बसवा, ३२ पानं होतात. बाहेरून जाड कागदाचं कव्हर. आता वही उघडून घडीच्या रेषेवर पेन्सिलने ३ खुणा, एक बरोब्बर मध्ये, दोन टोकांपासून साधारण ४ सेंमी आत, आणि दाभणाने भोकं पाडा, खाली जुनं मासिक ठेवा म्हणजे टेबल वाचेल. घाई इथेच नको, भोक घडीवरून सरकलं की वही कायमची वाकडी.

दोरा वहीच्या उंचीच्या अडीच पट, जाडसर सुती, मेणावरून ओढून घेतलात तर गुंतत नाही. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढा (शेवट आत १० सेंमी सोडा), बाहेरून वरच्या भोकात आत, मग आतल्या बाजूने मधलं भोक सोडून थेट खालच्यातून बाहेर, आणि परत मधल्यातून आत. दोन्ही टोकं आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना आली पाहिजेत, मग ओढून घट्ट गाठ. दोरा ओढताना घडीच्या दिशेनेच ओढा, पानांकडे ओढलात की कागद फाटतो.

आतली पानं थोडी बाहेर डोकावतात, कटरने कड कापा किंवा तशीच ठेवा, मला तशीच आवडते.

खरी मजा पुढे आहे, ३२ पानं म्हणजे जागा मोजकी, त्यामुळे कुठली कविता ठेवायची, पान उलटल्यावर काय दिसावं हे ठरवावंच लागतं, आणि स्क्रीनवर हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. शिवायच्या आधीच लिहून ठेवणार असाल तर पानांवर पेन्सिलने आकडे घाला, कारण सगळ्यात बाहेरच्या कागदावर १, २, ३१ आणि ३२ नंबरची पानं येतात.