मोह वेचा, पण झाडाखाली जाळ लावू नका

मार्च लागला की गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाच्या जंगलात मोहफुलं गळू लागतात. वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवून जागा साफ करायची सवय अजून बऱ्याच गावांत आहे. यंदा ती मोडा. आग झाडाखाली थांबत नाही. वाळल्या पाल्यातून ती रानभर पसरते आणि मोह, चार (चारोळीचं झाड), आवळा यांची वीतभर रोपं जळून जातात. जुने मोह उभे दिसतात म्हणून जंगल धडधाकट वाटतं, पण त्यांच्या आसपास एकही तरणं झाड नसेल तर पुढच्या पिढीला वेचायला फुलं उरणार नाहीत.

पाला खराट्याने झाडून बाजूला सारा. साफ केलेल्या जागेवर हिरवी शेडनेट किंवा जुनी लुगडी अंथरा. फुलात माती, राख येत नाही, वाळवणही स्वच्छ होतं.

चारोळीसाठी फांद्या तोडू नका. दुसरा नेईल या भीतीने हिरवी फळं ओरबाडली जातात, म्हणून तोडणीची तारीख ग्रामसभेत ठरवा आणि सगळ्यांनी पाळा.

तेंदूची खुटकटाई, म्हणजे नव्या पानांसाठी केलेली छाटणी, झुडपांपुरतीच ठेवा. कोयता धारदार हवा आणि काप जमिनीलगत. नवा फुटवा यावा म्हणून रान पेटवायची मुळीच गरज नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने तेंदू तोडणंच बंद केलं आणि बांबूवर भर दिला. प्रत्येक गावाला ते परवडेल असं नाही. पेरणीच्या तोंडावर तेंदूचाच पैसा हाती येतो, हे आम्ही जाणतो. आग मात्र कुणालाच परवडत नाही.

वनहक्क कायदा 2006 नुसार सामूहिक हक्क मिळालेल्या ग्रामसभेला जंगल राखण्याचा, त्याचं नियोजन करण्याचा अधिकार आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला तो 2009 मध्ये मिळाला. तुमच्या गावात जंगल राखणारी समिती असेल तर याच आठवड्यात बसा. जाळरेषा (आग अडवायला साफ केलेले पट्टे) कुठे काढायच्या आणि दुपारच्या राखणीला कोणत्या घराची पाळी, एवढं तरी ठरवा. बांबूची तोड आता ऑक्टोबरपर्यंत नको.

जूनच्या सुमारास मोहाच्या बिया पडतील. सगळ्या तेलाला नेऊ नका. चांगल्या, भरलेल्या बिया निवडून लगेच लावा, कारण साठवल्या की त्यांची उगवण झपाट्याने घटते. पहिल्या पावसात मोकळ्या जागी टोकून भोवती बोरीच्या काट्यांचं कुंपण करा आणि निदान दोन उन्हाळे तिथे गुरं चरू देऊ नका.