मेमरीतला एक्सएमएल दुसऱ्या अॅप्लिकेशनला पाठवताना: स्ट्रिंग नको, बाइट हवेत

प्रोग्रॅमच्या मेमरीत एक्सएमएल (टॅग लावून डेटा लिहायची पद्धत) म्हणजे नोडचं, म्हणजे एकात एक बसवलेल्या घटकांचं, झाड असतं. वायरवरून जातात ते बाइट. झाडाची अक्षरं करणं आणि अक्षरांचे बाइट करणं ही दोन्ही कामं एकाच सिरियलायझरकडे (झाड लिहून काढणाऱ्या कोडकडे) सोपवा. मध्ये स्ट्रिंग काढून ठेवली की पहिल्या ओळीतली एक्सएमएलची घोषणा एक एन्कोडिंग (अक्षरांचे बाइट करायची पद्धत) सांगते आणि बाइट भलतेच निघतात. मराठी मजकुरात हे लगेच उघडं पडतं, निव्वळ इंग्रजी डेटात बरेचदा महिनोन्‌महिने लपून राहतं.

डॉटनेटमध्ये स्ट्रिंगरायटरवर एक्सएमएलरायटर चालवला, तर सेटिंगमध्ये यूटीएफ-८ देऊनही घोषणेत यूटीएफ-१६ येतं, कारण स्ट्रिंगरायटर स्वतःचं एन्कोडिंग तेच सांगतो. मेमरीस्ट्रीमवर लिहा आणि यूटीएफ-८ एन्कोडिंग बीओएमशिवाय तयार करा. बीओएम म्हणजे सुरुवातीचे २३९, १८७, १९१ हे तीन बाइट. ते स्ट्रिंगमध्ये तसेच राहिले की पार्सर (एक्सएमएल वाचणारा प्रोग्रॅम) पहिल्या ओळीच्या पहिल्याच अक्षराला अडतो आणि डोळ्यांना मात्र तिथे काहीच दिसत नाही.

जावामध्ये ट्रान्सफॉर्मरचा (झाड लिहून काढणाऱ्या क्लासचा) निकाल बाइटअॅरेआउटपुटस्ट्रीममध्ये घ्या. स्ट्रिंग करून नुसतं गेटबाइट्स म्हटलं, तर जावा १७ पर्यंत सिस्टिमचं डीफॉल्ट एन्कोडिंग लागतं. विंडोज-१२५२ असेल तर प्रत्येक मराठी अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह. जावा १८ पासून डीफॉल्ट यूटीएफ-८ आहे.

पायथनच्या एलिमेंटट्री या एक्सएमएल लायब्ररीत एन्कोडिंग न देता टूस्ट्रिंग केलं की ‘म’ चं &#2350; होतं. हे चूक नाही, समोरचा पार्सर ते बरोबर वाचतो. फक्त ३ बाइटचं अक्षर ७ बाइटचं होतं. एन्कोडिंग यूटीएफ-८ द्या आणि घोषणा हवी असेल तर ती वेगळी मागा. टूस्ट्रिंगमध्ये ती सोय ३.८ पासून आहे. नेमस्पेसचे (टॅगच्या नावांच्या गटांचे) प्रीफिक्स आधी रजिस्टर करा, नाहीतर एनएस०, एनएस१ अशी नावं पडतात.

एचटीटीपीवर कंटेंट-लेंग्थ (मजकूर किती बाइटचा ते सांगणारा हेडर) अक्षरं मोजून देऊ नका. ‘महाराष्ट्र’ मध्ये १० कोडपॉइंट (युनिकोडमधली सुटी चिन्हं) आहेत, पण यूटीएफ-८ मध्ये ३० बाइट. दहा सांगितले की दस्तऐवज अर्ध्यावर तुटतो.

आता मजकुराची सफाई. एक्सएमएल १.० मध्ये ३२ च्या खालच्या कोडपैकी फक्त ९, १० आणि १३ चालतात. वर्डमधून चिकटवलेल्या मजकुरात ११ हा कोड सापडतो. एलिमेंटट्री तो मुकाट्याने लिहून टाकते आणि बोंब समोरच्या पार्सरवर होते, म्हणून पाठवण्याआधीच गाळा. पण ‘न दिसणारी सगळी अक्षरं काढा’ असा फिल्टर कृपा करून लावू नका: झिरो विड्थ जॉइनर (जोडाक्षराचं रूप ठरवणारं न दिसणारं अक्षर) वापरून टाइप केलेल्या ‘तर्‍हा’ चं त्यात ‘तर्हा’ होतं, आणि कुठलाही पार्सर याबद्दल तक्रार करत नाही.

वाचायला सोपं जावं म्हणून इंडेंट करायचं तर लॉगपुरतं करा. इंडेंटमुळे रिकाम्या जागेचे नवे टेक्स्ट नोड तयार होतात. डिजिटल सही झाल्यावर केलंत तर सही अमान्य ठरते.

शेवटची तपासणी: निघालेले बाइट फाइलमध्ये ठेवा, एक्सएमएललिंटसारख्या वेगळ्या पार्सरने वाचा, मग मूळ झाडाचं आणि परत वाचलेल्या झाडाचं कॅनॉनिकल (ठरलेल्या एकाच पद्धतीने लिहिलेलं) रूप काढून दोन्ही डिफला (फरक दाखवणाऱ्या साधनाला) द्या. चाचणीच्या डेटात एक जोडाक्षर, एक ‘&’ आणि अॅट्रिब्यूटमधली एक नवी ओळ असू द्या.