डिशवॉशरमधून रिन्स एड पडत नाहीये? आधी मेडिकलमधून सिरिंज आणा

"रिन्स एड भरून पंधरा दिवस झाले, लेव्हल हलतच नाही, डिस्पेन्सर गेला बहुतेक." अहो, रिन्स एड म्हणजे भांडी डाग न पडता सुकावीत म्हणून शेवटच्या पाण्यात मिसळणारं लिक्विड, आणि डिस्पेन्सर म्हणजे दारातली ते सोडणारी टाकी. एका वॉशला साधारण १ ते ६ मिली एवढंच पडतं आणि टाकीत शंभरेक मिली मावतं. चार मिलीने हिशोब केला तरी २५ वॉश पुरतं. टाकीवरच्या लेव्हलच्या छोट्या खिडकीकडे बघून काही कळत नाही.

आधी रिन्स एडचं सेटिंग बघा. किती सोडायचं तो आकडा शून्यावर असेल तर रिन्स एड पडणारच नाही, आणि ऑल-इन-वन टॅब्लेटचा (साबणातच रिन्स एड असलेल्या गोळीचा) ऑप्शन चालू असेल तर काही मशीन स्वतःच रिन्स एड बंद ठेवतात. नुसत्या प्री-रिन्स प्रोग्रॅममध्येही ते पडत नाही, कारण ते शेवटच्या रिन्सला सुटतं. प्लास्टिकचे डबे ओले राहतात म्हणून तर डिस्पेन्सरला दोष देऊच नका, प्लास्टिक उष्णता धरत नाही, ते ओलेच निघणार.

काचेच्या ग्लासवर पांढरं दिसतंय? लिंबू चोळा. गेलं तर ते क्षार आहेत, म्हणजे मिठाची टाकी (पाणी मऊ करायला मशीनमध्ये मीठ घालतात ती) आणि पाण्याच्या हार्डनेसचं सेटिंग बघायचं. बोअरवेल किंवा टँकरचं पाणी असेल तर आधी हेच.

आता मुख्य काम, मोजणं. हे मी केलं नाही म्हणून फसले. मेकॅनिकने दार उघडलं, दोन मिनिटं बघितलं, म्हणाला "पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल", मी बदलली, आणि डाग तसेच! महिन्याभराने कळलं की टॅब्लेटचं बटण घरात कोणीतरी दाबून ठेवलं होतं. तेव्हापासून माझा नियम, मोजल्याशिवाय एक स्क्रू उघडायचा नाही.

दार पूर्ण आडवं उघडा आणि मॅक्सच्या खुणेपर्यंत रिन्स एड भरा. सांडलेलं पुसून घ्या, नाहीतर पहिल्याच वॉशला फेस होतो, आणि झाकण टक्क आवाज येईपर्यंत दाबा. सेटिंग ३ किंवा ४ वर ठेवून एकाच प्रोग्रॅमवर पाच पूर्ण वॉश करा, मध्ये सेटिंगला हात लावायचा नाही (घरच्यांनाही सांगून ठेवा). मग दार पुन्हा तसंच आडवं करून १० मिलीच्या सिरिंजने, बिनसुईच्या, त्याच खुणेपर्यंत परत भरा आणि किती लागलं ते मोजा. दार तिरकं ठेवलंत तर लेव्हल चुकते आणि सगळी मेहनत पाण्यात. पंधरा-वीस मिली लागलं तर डिस्पेन्सर ठणठणीत आहे, डाग राहत असतील तर आकडा एकाने वाढवा. भांड्यांवर निळसर पट्टे किंवा चिकट थर दिसला तर एकाने कमी करा. पन्नासच्या वर गेलं तर झाकणाचं रबर गळतंय, दार बंद झालं की टाकी उभी होते आणि तिथूनच झिरपतं. एक-दोन मिलीच लागलं तरच खरी गडबड आहे असं समजा.

बहुतेक वेळा जुनं रिन्स एड घट्ट होऊन अडकलेलं असतं. सिरिंजने सगळं ओढून काढा, कोमट पाणी भरा, अर्धा तास ठेवा, ओढा, पाणी स्वच्छ निघेपर्यंत परत. तोंडाशी जुना टूथब्रश फिरवा. पिन घालू नका, आणि टाकीत व्हिनेगर ओतायचा सल्ला कोणीही दिला तरी ऐकू नका, रबर खराब होतं. भांड्यांचं लिक्विड तर नकोच नको, फेस स्वयंपाकघरात येतो.

एवढं करून परत मोजा. तरी पडत नसेल तर साबणाच्या कप्प्याचं झाकण वॉशमध्ये उघडतंय का बघा, बऱ्याच मशीनमध्ये दोन्ही एकाच यंत्रणेवर चालतात. तेही अडकत असेल तर मेकॅनिकला बोलवा, आणि तुमचे आकडे त्याच्यापुढे ठेवा. पार्ट बदललाच तर जुना घरीच ठेवून घ्या, निदान नवीनवर पाच वॉश मोजून होईपर्यंत.