उद्या समुद्रावर फायरिंग आहे आणि कोऑर्डिनेशनला तू बसणार आहेस

लष्कराच्या फायरिंगसाठी बंद राहणारं आकाश आणि नागरी विमानं यांचा मेळ घालणाऱ्या, हवाई वाहतूक नियंत्रणातल्या या टेबलावर तू पहिल्यांदाच बसतो आहेस, म्हणून आज रात्रीच लिहून पाठवते. सकाळी शिफ्ट घेताना बोलायला वेळ मिळत नाही.

सगळ्यात आधी नोटॅम, म्हणजे आकाशातल्या निर्बंधांची अधिकृत सूचना, छापून घे आणि ओळीवर बोट ठेवून वाच. बी आणि सी या रकान्यांत सुरुवात आणि शेवट असतो, डी मध्ये रोजचं वेळापत्रक, एफ आणि जी मध्ये तळ आणि माथा, म्हणजे आकाश किती उंचीपासून किती उंचीपर्यंत बंद आहे ते. डी सगळ्यात जास्त वेळा नजरेतून सुटतो. बी-सी मध्ये तीन दिवस दिसतात, पण प्रत्यक्षात एरिया, म्हणजे फायरिंगसाठी राखलेला आकाशाचा तुकडा, रोज तीनच तास चालू असतो. उरलेला सगळा वेळ आपण उगाच विमानं वळसा घालून पाठवत बसतो.

मग वेळ. नोटॅम यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असतो आणि आपण साडेपाच तास पुढे. ०६३० ते ०९३० म्हणजे आपले दुपारी १२ ते ३, हे सोपं. अवघड असते ती रात्र. १८३० यूटीसीला आपली तारीख बदलते, यूटीसीची बदलत नाही. पहाटे साडेपाचपर्यंत खोलीत दोन तारखा नांदत असतात, आणि आखात-युरोपची गर्दीही नेमकी त्याच वेळी असते. मे २०२५ मध्ये उत्तर आणि पश्चिम भारतातले ३२ विमानतळ बंद केले, तेव्हा मुदत १४ मेपर्यंत लिहिली होती. आपल्या घड्याळात ती १५ मेच्या पहाटे ५ वाजून २९ मिनिटांपर्यंत होती. वहीत दोन रकाने आख. एकात यूटीसीची तारीख आणि वेळ, दुसऱ्यात आपली तारीख आणि वेळ. एका रकान्यातली तारीख आणि दुसऱ्यातली वेळ कधीही एकत्र लिहू नकोस.

हे मी इतकं लांबवते आहे, कारण सुरुवातीच्या वर्षांत दुसऱ्या एका केंद्रावर माझ्या हातून नेमकं हेच झालं. आधीच्या शिफ्टच्या नोंदीत यूटीसीची तारीख आणि आपली वेळ शेजारीशेजारी लिहिलेली होती. मी ती पडताळली नाही, तशीच पुढे उतरवली. पहाटे एका मालवाहू विमानाला थेट रूट दिला आणि दोनच मिनिटांत लष्कराशी थेट जोडलेली हॉटलाइन वाजली. एरिया चालू होता. विमान वळवलं तेव्हा हद्दीला पोचायला त्याला चार मिनिटं उरली होती. पलीकडच्या अधिकाऱ्याचा आवाज अजून कानात आहे. तो ओरडला नाही, फक्त कॉलसाइन, म्हणजे त्या विमानाचं रेडिओवरचं नाव, दोनदा म्हणाला.

नोटॅम झाला की स्क्रीनवर एरियाचा मॅप चालू कर आणि कोपरे एकेक करून अक्षांश-रेखांशाशी ताडून बघ. जुन्या फायरिंगचा चौकोन तसाच राहून गेलेला मी पाहिला आहे. मग त्या चौकोनाला कोणते रूट छेदतात, कोणते नुसते कडेने जातात, ते लिहून काढ. माथा समज ३०,००० फूट आहे. ३५,००० वरून जाणाऱ्या विमानाला त्याचं काही नाही, पण मुंबईहून चढणारी आणि मुंबईकडे उतरणारी विमानं नेमकी त्याच उंचीत असतात. तळ समुद्रसपाटीवर असेल तर जुहूहून बॉम्बे हायला जाणारी हेलिकॉप्टरं आठव. मोठ्या विमानांच्या गर्दीत त्यांचा हमखास विसर पडतो, आणि त्यांत तेलविहिरींवर ड्युटीला निघालेली माणसं बसलेली असतात.

आदल्या दिवशीचा एअरस्पेस यूज प्लॅन, म्हणजे कोणाला कोणतं आकाश कधी मिळणार याचा तक्ता, आणि त्यानंतर आलेला सुधारित प्लॅन, दोन्ही शेजारी ठेव. फ्लेक्सिबल यूज ऑफ एअरस्पेस म्हणजे आकाश कायमचं कोणाच्या नावावर नाही. ज्याला जेवढं लागतं तेवढं, तेवढ्याच वेळेपुरतं. धोरण दिल्लीत ठरतं, वाटप आदल्या दिवशी होतं, आणि प्रत्यक्ष देणंघेणं तुझ्या टेबलावर. मे २०२० मध्ये अर्थमंत्र्यांनी सांगितलं होतं, की नागरी विमानांना भारतीय आकाशाचा ६० टक्केच भाग मोकळेपणाने मिळतो आणि ही अडचण कमी झाली तर वर्षाला सुमारे १,००० कोटी रुपये वाचतील. मला त्या आकड्यापेक्षा तुझा एक फोन जवळचा वाटतो. तीनला संपायचं फायरिंग सव्वादोनला संपलं, आणि तू विचारलंस, तर पाऊण तास रूट सरळ होतात. तू विचारलं नाहीस तर कोणी आपणहून सांगेलच असं नाही.

आता मुख्य गोष्ट. बसल्याबसल्या हॉटलाइन तपास, पर्यायी लाइनही तपास, आणि पलीकडे कोण बसलं आहे ते विचारून घे. मिलिटरी लायझनशी, म्हणजे लष्कराच्या समन्वय अधिकाऱ्याशी, सुरुवातीलाच बोलून एरियाचं नाव, तळ, माथा आणि वेळ पुन्हा म्हणून घे. नोटॅममधली वेळ संपली म्हणजे एरिया मोकळा झाला असं नाही. रेकॉर्ड होणाऱ्या लाइनवर 'एरिया रिलीज' ऐकायचं, तेच शब्द उलट म्हणायचे, मिनिट लिहायचं, मगच सेक्टरला, म्हणजे विमानांशी बोलणाऱ्या कंट्रोलरला, सांगायचं. फायरिंगच्या ऐन मधल्या दोन तासांत कोणाची चूक होत नाही, कारण सगळे जागे असतात. धोका असतो तो सुरू होण्याआधीच्या आणि संपल्यानंतरच्या दहा मिनिटांत. बारा वाजताच्या एरियासाठी पावणेबारालाच आत कोण आहे, बाहेर पडायला त्याला किती मिनिटं लागतील, हे बघ. कोणी अडकत असेल तर फायरिंग थांबवून धरायला सांग. संकोच करू नकोस, ते थांबतात.

हवामानाचा चार्ट जवळ हवा. मे अखेरीस आणि ऑक्टोबरात ढग चढले की वैमानिक म्हणतो, डावीकडे वीस मैल द्या; आणि डावीकडे नेमका आपला चौकोन. त्या वेळी हो किंवा नाही असं लगेच म्हणता यावं म्हणून कोणत्या बाजूला किती जागा आहे ते आधीच मोजून ठेव. कडेला अगदी टेकून रूट देऊ नकोस.

लष्करी विमान आपल्या रूटवरून जाणार असेल तर एअर डिफेन्स क्लिअरन्सचा, म्हणजे हवाई संरक्षणाच्या परवानगीचा, नंबर आणि आरव्हीएसएमची, म्हणजे वरखालचं अंतर कमी ठेवायच्या मान्यतेची, नोंद बघ. २९,००० ते ४१,००० फुटांत २००३ पासून आपण हजार फुटांचं अंतर ठेवतो, पण ज्या विमानाला ती मान्यता नाही त्याला दोन हजार द्यावं लागतं. त्या विमानाचा फ्लाइट प्लॅन हातात आला की लगेच सेक्टरला सांग.

मस्कतच्या कंट्रोलला आणि बाकीच्या शेजारच्या केंद्रांना बदललेले रूट वेळेत कळव. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना हद्द बंद केल्यापासून दिल्लीची पश्चिमेकडची विमानंही अरबी समुद्रावरून जायला लागली. लांबचा पल्ला, मोजून घेतलेलं इंधन. त्यांना आयत्या वेळी वळसा सांगणं फार महागात पडतं.

चरखी दादरीचं तुला शिकवलं असेलच. १२ नोव्हेंबर १९९६, दोन विमानांची हवेत टक्कर, ३४९ माणसं गेली. दिल्लीचं बरंचसं आकाश तेव्हा हवाई दलाकडे होतं, येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांना एकच वाट होती. एक विमान दिलेल्या उंचीच्या खाली आलं आणि बाजूला सरकायला जागाच नव्हती. चौकोन आखताना विमानांसाठी किती वाट उरली, तेही मोज, ते यासाठी.

पाणी, चष्मा, दोन पेनं. डबा आधीच खाऊन घे, बारा ते तीन उठता येणार नाही.

मी तीनला येते. शिफ्ट देताना एरिया चालू आहे की बंद, शेवटचं कोणाशी बोललास आणि किती वाजता, एवढं वहीवर बोट ठेवून सांग. मग मी हॉटलाइन उचलून पलीकडच्याशी स्वतः बोलेपर्यंत खुर्चीजवळ उभा राहा.