यूएसबी पोर्ट मधूनच दगा देतो? ड्रायव्हरला हात लावण्याआधी या चुका टाळा

डेस्कटॉपचा यूएसबी पोर्ट पूर्ण बंद पडला, तर निदान सोपे असते. खरा त्रास देतो तो कधी चालणारा, कधी न चालणारा पोर्ट. फाइल कॉपी होत असतानाच बाह्य हार्ड डिस्क गायब होते, कीबोर्ड क्षणभर प्रतिसाद देत नाही, उपकरण जोडल्याचा आणि तुटल्याचा आवाज पाठोपाठ येत राहतो. अशा वेळी बहुतेक जण सर्वांत आधी ड्रायव्हर (उपकरण आणि विंडोज यांच्यात दुवा साधणारे सॉफ्टवेअर) बदलायला घेतात आणि माझ्या मते हीच सर्वांत महागात पडणारी चूक आहे. दोष विजेचा किंवा केबलचा असेल, तर नव्या ड्रायव्हरने तो जात नाही. उलट नीट चाललेली एक गोष्ट आपण हलवून ठेवतो आणि मूळ बिघाड कशात होता, हे ओळखणे अधिकच अवघड होऊन बसते.

म्हणून आधी दोष कशाबरोबर फिरतो, ते पाहावे. तेच उपकरण त्याच केबलने दुसऱ्या पोर्टला लावा, मग केबल बदला, मग शक्य असल्यास ते उपकरण दुसऱ्या संगणकाला जोडा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा नियम कंटाळवाणा वाटला तरी मोडू नये, कारण केबल आणि पोर्ट एकदम बदलून काम झाले, तर दोषी कोण हे कळत नाही. काही केबलींमध्ये केवळ चार्जिंगच्या तारा असतात, डेटाच्या नसतात; अशा केबलने फोन चार्ज होतो, पण संगणकाला तो दिसत नाही.

कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टवर विसंबून निष्कर्ष काढणे ही दुसरी चूक. मागचे पोर्ट थेट मदरबोर्डवर, म्हणजे संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डवर, बसवलेले असतात, तर पुढचे पोर्ट आतल्या एका केबलने मदरबोर्डवरच्या पिनांना जोडलेले असतात. ती केबल सैल असेल किंवा हलक्या दर्जाची असेल, तर माउस व्यवस्थित चालतो, पण वेगवान डिस्क लावली की तक्रारी सुरू होतात. तेच उपकरण मागच्या पोर्टवर तासन्‌तास बिनतक्रार चालत असेल, तर आधी कॅबिनेट उघडून ती जोडणी तपासावी.

विजेचा हिशेब तर फार थोडे लोक करतात. मानकानुसार यूएसबी 2.0 चा पोर्ट 5 व्होल्टला 500 मिलिअँपिअर, तर यूएसबी 3.0 चा पोर्ट 900 मिलिअँपिअर प्रवाह देतो. फिरत्या चकतीची छोटी हार्ड डिस्क सुरू होताना अनेकदा 500 मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह ओढते. त्यातच ती स्वतःचा अडॅप्टर नसलेल्या हबला (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणाऱ्या जोडणीला) लावली असेल, तर एका पोर्टची वीज सगळ्या उपकरणांत वाटली जाते आणि डिस्क मध्येच तुटते. असे वारंवार झाले, तर डिस्कवरची माहितीही खराब होऊ शकते, म्हणून डिस्क थेट मागच्या पोर्टला किंवा अडॅप्टरवर चालणाऱ्या हबलाच लावावी.

संगणक बंद करून, वीजजोडणी काढून, टॉर्चच्या उजेडात पोर्टच्या आत पाहावे. मधली प्लॅस्टिकची पट्टी सरळ आहे का, तिच्यावरचे धातूचे संपर्क काळवंडलेले नाहीत ना, कडेला धुळीचा गोळा बसलेला नाही ना? धूळ हवेच्या फवाऱ्याने काढावी. पिन किंवा टाचणी आत घालू नये, कारण ज्या पट्टीवर सगळे अवलंबून आहे, तीच त्याने मोडते.

बिघाड केव्हा होतो, यालाही अर्थ असतो. भरपूर काम चालू असताना उपकरण तुटत असेल, तर आधी वीज आणि केबल यांवर संशय घ्यावा. संगणक काही वेळ नुसता पडून राहिल्यावर तुटत असेल, तर विंडोजच्या वीज वाचवण्याच्या व्यवस्थेवर. डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे संगणकातल्या सर्व उपकरणांची यादी दाखवणाऱ्या विंडोजच्या खिडकीत, ‘यूएसबी रूट हब’ या नोंदीच्या गुणधर्मांत, वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची मुभा संगणकाला देणारा पर्याय असतो, तो काढून पाहावा. डेस्कटॉपला बॅटरी नसल्यामुळे त्यात गमवण्यासारखे फारसे काही नाही.

आता ड्रायव्हर. ‘अज्ञात यूएसबी उपकरण’ असा संदेश आला आणि उपकरणाची ओळख मागणारी विनंती अयशस्वी झाल्याचे लिहिलेले असेल, तर त्या उपकरणाचा ड्रायव्हर निवडण्याची पायरी अजून आलेलीच नसते. संगणकाला उपकरण स्वतःचे नावच सांगू शकलेले नाही, त्यामुळे ड्रायव्हर शोधत बसण्याऐवजी केबल, पोर्ट आणि खुद्द उपकरण यांकडे परत जावे. याउलट डिव्हाइस मॅनेजरमध्ये उपकरणाच्या गुणधर्मांत कोड 28 दिसला, तर ड्रायव्हर खरोखरच बसवलेला नसतो आणि तो उपकरणाच्या किंवा मदरबोर्डच्या निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा. सगळे ड्रायव्हर आपोआप अद्ययावत करून देणारे प्रोग्रॅम मात्र कटाक्षाने टाळावेत. ते चुकीची आवृत्ती बसवू शकतात आणि काय बदलले, हे आपल्याला उमजतही नाही.

डिव्हाइस मॅनेजरमधून यूएसबी कंट्रोलर (पोर्ट चालवणाऱ्या चिपची नोंद) काढून विंडोजला तो पुन्हा ओळखू देणे हा जुना उपाय आजही कामी येतो. मात्र कंट्रोलर काढताच यूएसबी माउस आणि कीबोर्डही बंद पडू शकतात, म्हणून उघडे काम आधी सेव्ह करावे. ते बंद पडलेच, तर पॉवर बटण एकदा दाबून संगणक बंद होऊ द्यावा आणि पुन्हा सुरू करावा. एरवी विंडोजमध्ये ‘शट डाउन’ऐवजी ‘रीस्टार्ट’च निवडावे. फास्ट स्टार्टअप (संगणक लवकर सुरू व्हावा म्हणून असलेली विंडोजची सोय) चालू असताना शट डाउन केल्यास कर्नलची, म्हणजे विंडोजच्या गाभ्याची, स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी ड्रायव्हर त्याच जुन्या अवस्थेतून उठतात.

बायोसकडेही, म्हणजे संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅमकडेही, दुर्लक्ष करू नये. 2021 मध्ये प्रोसेसर बनवणाऱ्या एएमडीच्या 500 मालिकेतील चिपसेटवर (मदरबोर्डवरच्या नियंत्रक चिपवर) यूएसबी जोडणी अधूनमधून तुटत असल्याचे कंपनीने मान्य केले होते आणि त्यावरचा उपाय बायोसच्या नव्या आवृत्तीतूनच आला होता. वायरलेस माउस अडखळत असेल, तर त्याचा रिसीव्हर यूएसबी 3.0 च्या डिस्कशेजारी लावलेला नाही ना, तेही पाहावे, कारण त्या जोडणीतून निघणारा रेडिओ गोंगाट 2.4 गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात शिरतो. छोट्या एक्स्टेन्शन केबलने रिसीव्हर दूर नेला, तरी बहुधा काम भागते.

एवढे करूनही मागचा तोच पोर्ट प्रत्येक उपकरणाला नाकारत असेल, तर तो वापरातून काढावा आणि जास्त पोर्टांची गरज असल्यास स्वतंत्र कंट्रोलर असलेले, मदरबोर्डवरच्या खाचेत बसणारे पीसीआय एक्स्प्रेस कार्ड बसवावे.